दुखापतीनंतर पहाटेच्या गटात परतायचे आहे, पण पाऊल दारातच अडते

प्रश्न

आठवड्यातून चार दिवस, पहाटे साडेपाचला मैदानावर जमणाऱ्या एका व्यायामगटात मी आठ महिने नियमित जात होते. धावण्याच्या फेऱ्या, बैठका, बर्पी आणि प्लँक असा पाऊण तासाचा क्रम असे आणि गटात मी साधारण मधल्या फळीत असे. एके दिवशी ओल्या गवतावर उडी मारताना डावा घोटा मुरगळला आणि सात आठवडे मैदान सुटले. फिजिओथेरपिस्टनी हळूहळू धावायला परवानगी दिल्यावर मी परत गेले. पूर्वी माझ्या मागे असणारेही त्या दिवशी पुढे निघून गेले, शेवटच्या दोन फेऱ्या मला सोडाव्या लागल्या आणि माझ्यासाठी सर्वांना थांबावे लागले. कोणी वावगे बोलले नाही. उलट सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि खरे सांगायचे तर त्या टाळ्याच अधिक बोचल्या. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी एकदाच गेले आहे. गजर वाजतो, मी उठते, बूटही घालते आणि दारातून परत फिरते. एकटीने सराव करून पूर्वीची क्षमता मिळवावी आणि मगच गटात जावे, की आहे त्या स्थितीत जात राहावे?

पहिले उत्तर

आधी क्षमतेबद्दल लिहितो, कारण आपण जे गमावले असे समजत आहात त्यातले बरेचसे लवकर परत येणारे आहे. १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमित सराव करणाऱ्या खेळाडूंचा सराव थांबवून मोजमाप केले, तेव्हा शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी घटलेली आढळली. सुरुवातीची घट मुख्यतः रक्ताचे आकारमान कमी झाल्यामुळे होते, आणि सराव पुन्हा सुरू होताच ते वाढू लागते. त्यामुळे काही आठवड्यांत आपला दम बराच सुधारेल.

मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. दम लवकर परत येतो, घोट्याचे अस्थिबंध मात्र त्या वेगाने सावरत नाहीत. म्हणून ‘आता जमते आहे’ असे वाटू लागते त्याच सुमारास घोटा पुन्हा मुरगळतो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते आणि एका पायावर तोल सांभाळण्याच्या सरावाने ती कमी होते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. तो सराव फिजिओथेरपिस्टना विचारून रोज करावा, धावताना सलग बोलता येईल इतकाच वेग ठेवावा आणि ओल्या गवतावरच्या उड्या सध्या पूर्णपणे टाळाव्यात. पहाटे शरीराचे तापमान कमी असते, म्हणून वॉर्मअपलाही नेहमीपेक्षा अधिक वेळ द्यावा.

दुसरे उत्तर

मी असाच एक गट काही वर्षे चालवत आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. टाळ्यांची चूक आम्हीही केली आहे. मागे पडलेल्याला सर्वांनी थांबून टाळ्या वाजवणे आम्हाला आपुलकीचे वाटे, पण त्यामुळे नको त्या क्षणी साऱ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळतात, हे आमच्या उशिरा लक्षात आले. आमच्याकडचे दोघे जण त्यानंतर परत आलेच नाहीत.

ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात नौकानयन करणाऱ्यांवर प्रयोग केले होते. जोडीने वजन उचलताना, जोडीतला कमकुवत सदस्य एकट्याने करतो त्याहून अधिक वेळ तग धरतो, असे त्याला दिसले. मात्र दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हाच हा परिणाम ठळक होता आणि फरक फार मोठा असला की तो ओसरत असे. आपल्या बाबतीत हेच घडले असावे, असे मला वाटते. गट तोच आहे, पण अंतर वाढल्यामुळे त्याची ओढ उलटी लागू झाली. म्हणून सर्वांत वेगवान मैत्रिणीबरोबर धावू नका. आपल्याहून थोडीच पुढे असेल अशी जोडीदार मागून घ्या.

दुसरी सूचना प्रशिक्षकांसाठी आहे, ती त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. आम्ही फेऱ्या मोजणे बंद केले. सर्वजण एकाच दिशेने धावत निघतात, दहाव्या मिनिटाला शिट्टी होते आणि जो जिथे असेल तिथून मागे फिरतो. ज्याने त्याने आपला वेग कायम ठेवला तर सर्वजण जवळपास एकाच वेळी परत पोहोचतात. कोणासाठी थांबावे लागत नाही, त्यामुळे टाळ्यांचा प्रश्नच उरत नाही.

तिसरे उत्तर

‘आधी तयारी, मग गट’ हा मार्ग मी निवडला होता आणि त्यात चार महिने गेले, कारण मी सुधारत होतो तसा गटही पुढे सरकत होता. तरीही वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत नाही. प्रशिक्षक व्यायामात बदल करून देत नसतील, तर गट सोडण्यात काहीही गैर नाही. पुन्हा दुखापत करून घेण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

एक साधी गोष्टही तपासून पाहा. सात आठवड्यांत झोपण्याची वेळ पुढे सरकली आहे का? माझी दीड तासाने सरकली होती आणि मी मात्र मनोबलाला दोष देत बसलो होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा आढळला आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. मात्र सात आठवड्यांचा खंड म्हणजे एखादा दिवस नव्हे. सवय जुनीच आहे असे समजून पहिल्या दिवसापासून चारही दिवस जाण्याचा हट्ट धरू नका, दोन पुरेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. झोपेची वेळ खरोखरच एका तासाने पुढे गेली होती, ती आता मागे आणते आहे. प्रशिक्षकांशी बोलले, उड्यांऐवजी पायरीवर चढ-उतार करण्याची मुभा त्यांनी लगेच दिली, शिट्टीची कल्पना मात्र आठवड्यातून एकच दिवस वापरून पाहू, असे ते म्हणाले. काल तो दिवस होता. मी अर्थातच सर्वांत मागे होते, त्यामुळे शिट्टी होऊन सगळे मागे फिरले तेव्हा क्षणात मी सर्वांत पुढे झाले, आणि परत पोहोचेपर्यंत फक्त चौघे माझ्यापुढे गेले. आज घोट्याला सूज नाही. डाव्या पायावर डोळे मिटून मात्र अजून सहा सेकंदच उभे राहता येते, उजव्यावर वीस.