बाकावरून भांडण आणि प्रभुभोजन: नमतं कोणी घ्यायचं?

सदरची लेक
जय ख्रिस्त. नागपुरातल्या आमच्या मंडळीचं (चर्चचं) नाव घेत नाही, पण मनातलं लिहिते. हंगाम सणाच्या, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या, उपासनेला एका कुटुंबानं एका मावशींना समोरच्या बाकावरून उठवलं. बाक त्या कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, त्यावर पितळी पाटी आहे. मावशी तेव्हापासून येतात, मागे बसतात आणि प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, उठत नाहीत. दोन्ही घरच्या सुना क्वायरमध्ये आहेत, त्या एकमेकींकडे बघत नाहीत. आता मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी दोन्हीकडून वचनं पडतात, आणि कोणतं कोणाला उद्देशून आहे ते सगळ्यांना कळतं. पवित्रशास्त्राचे असे टोमणे झालेले बघून माझा जीव तुटतो.

हे नागपुरात व्हावं याचं दुःख जास्त. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारे, दोघंही एका छताखाली आले. एवढं मोठं अंतर त्यांनी पार केलं आणि आपण एका बाकावर अडलो.

माझं मत स्पष्ट आहे. चूक कोणाची याचा हिशोब बाजूला ठेवून ज्याला आधी सुचेल त्यानं दुसऱ्याच्या घरी जावं. वेदीपाशी अर्पण ठेव, आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय.

कामठी रोड
ताई, तुमची तळमळ समजते, पण तुम्ही वचन अर्धंच घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात प्रभू म्हणतो, तुझ्या भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही आहे असं आठवलं तर जा. म्हणजे ज्यानं दुखवलं त्यानं जायचं. मावशींनी काहून जायचं? त्यांना सगळ्यांसमोर उठवलं ना!

आमच्याकडे हेच चालू आहे. हंगाम सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात जमलेल्या पैशाचा हिशोब एका तरुण सभासदानं मागितला, तर कमिटीतले काका म्हणाले, "बेटा, लीनता शिक." तो पोरगा आता येणंच सोडून राहिला. लीनतेचा उपदेश नेहमी ज्याच्या हातात काही नाही त्यालाच का ऐकावा लागतो? हॉलची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याला कोणी का सांगत नाही?

आणि १९७० चं म्हणाल, तर ती एकी गप्प बसून झाली नाही. बोलणी १९२९ पासून चालू होती. बाप्तिस्मा, बिशपचा अधिकार, सगळं मांडून, वाद घालून, लिहून ठरवलं. चाळीस वर्षं लोक भांडले, पण टेबलाशी बसून भांडले.

सदरची लेक
भाऊ, मत्तय ५ बद्दल तुमचं बरोबर. पण मत्तय १८ पण आहेच: भावानं तुझा अपराध केला तर तू जा, एकांतात सांग. म्हणजे दुखवणाऱ्यालाही निघायला सांगितलंय आणि दुखावलेल्यालाही. दोघांनी वचन पाळलं तर दोघं वाटेतच भेटतील. पैशाचा हिशोब मागणं मी क्षुल्लक म्हणतच नाही, तो द्यायलाच हवा. बाक मात्र मानाचा प्रश्न आहे, आणि मान सोडता येतो.

महालातली आई
ज्याला कायम मान मिळाला त्याला तो सोडता येतो हो. मावशी कुठल्या वस्तीतून येतात, त्यांना कोणत्या नावानं हाक मारतात, ते तुम्ही लिहिलं नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला सधन लोक आधी खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. प्रेषित पौलानं त्यांना पत्र लिहिताना उपाशी राहिलेल्यांना समजूतदार व्हा असं सांगितलं नाही, खाणाऱ्यांना खडसावलं. याकोबानं त्याच्या पत्रात तर सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देण्यावरच लिहिलंय. तेव्हाही भांडण जागेचंच होतं. ते त्याला क्षुल्लक वाटलं नाही.

जुना क्वायरवाला
मी दोन्ही बाजूंनी थोडं बोलतो. प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय वाचा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावलं नाही, सगळी मंडळी बोलावली आणि सात जण नेमले. त्या सातांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी दिलेली दिसते. मला लीनता त्यात दिसते: अधिकार असलेल्यांनी तो हातचा सोडला.

पण कामठी रोड भाऊ, ग्रुपवरच्या टोमण्यांबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. क्वायरमध्ये मी पाहिलंय, सोलो कोणाला द्यायचा यावरून रुसवा झाला आणि दोन घरांतली लग्नाची आमंत्रणं थांबली. तिथे कोणावर अन्याय नव्हता, नुसता ताठा होता. प्रत्येक रुसव्याला न्यायाचा लढा म्हटलं तर मावशींसारख्यांचं खरं दुःख त्या गर्दीत हरवतं.

कामठी रोड
टोमणे चूकच. ते बंद व्हावेत, दोन्हीकडून. पण सुरुवात पाटीपासून करा. चर्चला दिलेला बाक चर्चचा झाला, त्यावर वडिलांचं नाव राहू द्या, हक्क नको. पाळकसाहेबांनी हे पुलपिटवरून, उपदेश देतात त्या जागेवरून, सांगावं. उठवलं सगळ्यांसमोर, मग बसवायचंही सगळ्यांसमोर.

सदरची लेक
पुलपिटवरून सांगितलं तर ते कुटुंब दुसऱ्या चर्चला जाईल, याची मला भीती आहे. वडील गेल्यापासून त्यांच्यासाठी त्या बाकाला फार अर्थ आहे. मला मावशीही हव्यात आणि तेही हवेत. म्हणून आधी घरी जाणं, आणि त्यांनी ऐकलं नाही तरच मंडळीपुढे. प्रभूनं क्रम असाच दिलाय.

महालातली आई
क्रम मान्य. पण तोवर मावशी प्रभुभोजनाविना किती महिने बसणार, तेही ठरवा. येत्या रविवारी तुम्ही स्वतः मागे त्यांच्या शेजारी बसा आणि त्या कुटुंबाकडे जायची तारीख पाळकसाहेबांकडून घ्या.

सदरची लेक
बसते. तारीखही मागते.