एम ४२ चं (मृगातल्या तेजोमेघाचं) शार्पनिंग नेमकं कशाने करावं? डीकॉन्व्होल्यूशन, वेव्हलेट की साधा अनशार्प मास्क?

मानेवाडा_नभ
नमस्कार मंडळी. मागच्या अमावस्येला कुहीकडे मावशीच्या शेतावर दुर्बीण घेऊन गेलो होतो. ६ इंची न्यूटोनियन, फोकल लेंथ ७५० मिमी, कॅनन ६००डी मॉडिफाय न केलेला, गाइडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकिंग आपोआप सुधारणं) नाही म्हणून ३० सेकंदांच्याच फ्रेम घेतल्या, १८० फ्रेम, म्हणजे एकूण दीड तास. डार्क, फ्लॅट, बायस (कॅमेरा आणि दुर्बिणीचे दोष काढायच्या फ्रेम) सगळं घेतलं आणि सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलं, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो केला. स्टॅक चांगला निघाला, मृगातल्या बाणाखालचा तो तेजोमेघ पंख पसरल्यासारखा आला, पण जवळून पाहिला की सगळं मऊ मऊ दिसते, वायूचे जे धागे असतात ते दिसतच नाहीत.

मग स्ट्रेच करून (अंधुक भाग उजळवून) फोटोशॉपमध्ये नेला, हाय पास लावला, कमी वाटलं म्हणून अनशार्प मास्क लावला, मग परत एकदा लावला. लॅपटॉपवर मस्त दिसत होता. १२ बाय १८ चा प्रिंट काढून आणला तर आईने हातात घेतला आणि पहिल्यांदा हेच विचारलं, "ताऱ्यांभोवती काजळ काहून लावलं?" बघतो तर खरंच, प्रत्येक ताऱ्याभोवती काळं कडं, आणि मागचं आकाश रवा सांडल्यासारखं दाणेदार.

हा प्रिंट मावशीच्या गावच्या शाळेत लावायचा आहे. पोरं नाक लावून बघतील, त्यांना जे दिसेल ते खरं असावं असं मनापासून वाटते. तर कोणती पद्धत वापरू, कोणत्या टप्प्यावर वापरू, आणि हे जे एआयवाले शार्पनर आलेत ते चालतात का?

मघा_ते_मूळ
आईंची नजर एकदम बरोबर. ते काजळ कुठून आलं ते आधी सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल.

अनशार्प मास्क ही फिल्मच्या डार्करूममधून आलेली युक्ती आहे. फोटोची एक धूसर प्रत करायची, मूळ फोटोतून ती वजा करायची, जो फरक उरतो तो मूळ फोटोत परत मिसळायचा. त्याने कडेचा उजळ भाग जास्त उजळ होतो आणि कडेलगतचा अंधार जास्त अंधारा होतो, नवीन तपशील काही येत नाही. आता तुमच्या फोटोत सगळ्यात तीव्र कड कोणाची? ताऱ्याची. म्हणून तेजोमेघाच्या धाग्यांना काही व्हायच्या आधी ताऱ्यांना काळं कडं पडते. हाय पासचंही तत्त्व तेच आहे, म्हणजे तुम्ही एकच औषध तीनदा घेतलं.

डीकॉन्व्होल्यूशन वेगळं. तारा म्हणजे प्रकाशाचा ठिपका, तो हवेमुळे, फोकसमुळे, ट्रॅकिंगमुळे पसरून गोळा होतो. तो कसा पसरला हे ताऱ्यांवरूनच मोजायचं (त्यालाच पीएसएफ म्हणतात) आणि तोच पसरट आकार सगळ्या फोटोतून उलटा काढत जायचा. यातली सगळ्यात वापरातली रीत रिचर्डसन-लूसी, रिचर्डसनने १९७२ मध्ये आणि लूसीने १९७४ मध्ये वेगवेगळी मांडली. १९९० मध्ये हबल वर गेली आणि तिच्या आरशाचा आकार चुकल्याचं लक्षात आलं, तेव्हा डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञ याच जातीच्या गणितांनी फोटो सावरत होते. म्हणजे ही पद्धत तेव्हाच तावूनसुलाखून निघालेली आहे.

पण एक अट आहे, ती पाळाच. हे स्ट्रेचच्या आधी, लिनियर (म्हणजे अजून न उजळवलेल्या) फाइलवर करायचं. स्ट्रेच केला की ताऱ्याच्या उजेडाचा मधून कडेकडे जाणारा मूळ उतार बदलतो, मग पीएसएफचं मोजमाप खोटं ठरते. नॉइज रिडक्शनही त्याच्या नंतर.

तुमच्या सेटअपचा हिशोब करून पाहिला. ६००डीचा पिक्सेल ४.३ मायक्रॉन, २०६.२६५ ने गुणा आणि ७५० ने भागा, एका पिक्सेलला १.१८ आर्कसेकंद येतात. स्टॅकमधले तारे ४-५ पिक्सेल रुंद असतील तर डीकॉन्व्होल्यूशनला काम करायला भरपूर जागा आहे. हाच कॅमेरा १३५ मिमीच्या लेन्सवर असता तर एका पिक्सेलला साडेसहा आर्कसेकंद पडले असते, तारा दीड-दोन पिक्सेलमध्येच संपला असता आणि तिथे हे करून उपयोग नव्हता.

तर सिरिलमध्ये बॅकग्राउंड काढून टाका, ताऱ्यांवरून पीएसएफ बनवा, रिचर्डसन-लूसी थोड्याच इटरेशनने (फेऱ्यांनी) चालवा, आणि १०० टक्क्यांवर एका मध्यम ताऱ्याकडे बघत बसा. कडं दिसायला लागलं की दोन पावलं मागे या. त्यानंतर स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे वेगळे करा. आधी नका करू, तारेच काढले तर पीएसएफ कशावरून मोजणार?

तर्री_आणि_तारे
वरच्या दादांचं सगळं पटलं पण मी एक पाऊल मागे जाऊन सांगते कारण माझंही वर्षभर हेच होत होतं. तुझ्या १८० फ्रेम तू सगळ्याच्या सगळ्या स्टॅक केल्यास का? आपल्याकडे जानेवारीत संध्याकाळी आठला फोकस केला की अकरापर्यंत पारा बराच खाली येतो, नळी आकुंचन पावते आणि फोकस हळूच सरकतो, आणि सरकतो तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही कळत नाही. सिरिलमध्ये सगळ्या फ्रेमचा एफडब्ल्यूएचएमचा, म्हणजे ताऱ्यांच्या रुंदीचा, आलेख काढ. माझ्या एका रात्रीचा आलेख सरळ चढणीसारखा दिसत होता, शेवटचा तास पूर्ण फुकट. त्या फ्रेम टाकून दिल्या आणि कसलंही शार्पनिंग न करता फोटो सुधारला. गाइडिंग नाही म्हणतोस तर गोलाईचाही आलेख बघ, लांबट ताऱ्यांच्या फ्रेम काढून टाक. आणि दर तासाला बाहटिनोव मास्क (फोकस जुळवायची जाळी) दुर्बिणीच्या तोंडावर लावून फोकस तपासायचा, थंडीत हात निघत नाही खिशातून पण करायचाच.

दुसरं. धागे दिसत नाहीत म्हणतोस, ते काम डीकॉन्व्होल्यूशनचं कमी आणि वेव्हलेटचं जास्त आहे. वेव्हलेट फोटोला आकारमानाप्रमाणे थरांत वेगळं करते, १ पिक्सेलचा थर, मग २, ४, ८, १६ असे. पहिल्या थरात जवळजवळ सगळा नॉइजच असतो, तुझा रवा तिथलाच आहे. तेजोमेघाच्या वळ्या, तो माशाच्या तोंडासारखा काळा खळगा, हे सगळं ४ आणि ८ पिक्सेलच्या थरात. म्हणून तारे काढलेल्या, स्ट्रेच केलेल्या फोटोवर फक्त तिसरा-चौथा थर थोडा वाढव, पहिल्याला हात लावू नको. आणि तेही ल्युमिनन्स मास्क लावून, म्हणजे जिथे उजेड आहे तिथेच परिणाम होईल, बाहेरच्या अंधुक धुराला सोडून दे. अंधुक भागात सिग्नलच नाही, तिथे काय शार्प करणार. दीड तासाचा डेटा आहे, नॉइज निम्मा करायचा तर चौपट म्हणजे सहा तास लागतात.

कोमा करेक्टर (न्यूटोनियनच्या कडेचे तारे सरळ करणारी भिंग) आहे का? नसेल तर कोपऱ्यातले तारे शेपटीवाले असतील, मधल्या ताऱ्यांचा पीएसएफ तिथे लागू होत नाही. कोपरे कापून टाक सरळ, एम ४२ फोटोच्या मधोमधच आहे.

उमरेड_रोड_२१
एआयचं मी सांगतो, मी ब्लरएक्सटर्मिनेटर हा एआय शार्पनर वापरतो, डिसेंबर २०२२ मध्ये आलं, पैसे पडतात आणि ते ज्यात चालते ते पिक्सइनसाइट सॉफ्टवेअरही घ्यावं लागते. काम सुंदर करते, कोपऱ्यातले तारेसुद्धा गोल करून देते. पण ते शिकलेलं असते की असं धूसर असेल तर खाली साधारण असं असते, आणि डेटा कमी असला की ते अंदाज बांधते. पोरांना दाखवायचं आहे म्हणता म्हणून माझी एक तपासणी सांगतो. ट्रॅपेझियममध्ये, म्हणजे एम ४२ च्या गाभ्यातल्या तारकासमूहात, ए, बी, सी, डी असे चार मोठे तारे आहेत, ते सुटे दिसायलाच पाहिजेत. त्यातल्या ए आणि सीच्या शेजारी साधारण ४ आर्कसेकंदांवर ई आणि एफ हे दोन बारीक तारे आहेत. शार्पनिंगनंतर तिथे ठिपका आला तर नकाशाशी जुळवून बघा, जागा चुकीची असेल तर तो तारा सॉफ्टवेअरने काढलेला आहे. धाग्यांचंही तसंच, शार्प केलेला आणि न केलेला फोटो आलटूनपालटून बघायचा, जे आधीच्यात पुसटही नव्हतं ते नंतरच्यात दिसलं तर मी ठेवत नाही.

मानेवाडा_नभ
ताई, दादा, भाऊ, दोन रात्री बसून सगळं केलं. आलेख काढला तर शेवटच्या ४६ फ्रेम खरंच ढेपाळलेल्या होत्या, काढून टाकल्या. करेक्टर नाही, कोपरे कापले. रिचर्डसन-लूसी, मग स्टारनेट, स्ट्रेच, वेव्हलेटचे दोन थर मास्क लावून. त्या माशाच्या तोंडाची कड आता अशी दिसून राहिली की मीच झूम करून बघत बसलो. आईला लॅपटॉपवरच दाखवलं, म्हणाली काजळ गेलं.

पण ट्रॅपेझियमच दिसत नाही, मधोमध नुसता पांढरा गोळा आहे. उमरेडवाल्या भाऊंची तपासणी करायला तारेच नाहीत. तिथे डीकॉन्व्होल्यूशन जास्त चालवलं तर निघतील का?

मघा_ते_मूळ
नाही निघणार. ३० सेकंदांत तिथले पिक्सेल भरून गेलेत, भरलेल्या पिक्सेलमध्ये आकडा एकच, त्यात उजेडाचा उतार नाही, म्हणून उलटं काढायला काही उरलेलंच नाही. उलट तिथेच सगळ्यात जाड कडं येईल, त्या गोळ्याला मास्कने झाकूनच चालवा. पुढच्या अमावस्येला याच सेटअपवर, याच फ्रेमिंगला ५ सेकंदांच्या ४०-५० फ्रेम आणि २ सेकंदांच्या तेवढ्याच घ्या, वेगळ्या स्टॅक करा आणि फक्त मधल्या भागात मिसळा. शाळेचा प्रिंट तोवर थांबवा. आणि प्रिंटला देताना फोटो आधी प्रिंटच्या मापाचा करून घ्या, मग अगदी हलका अनशार्प मास्क द्या, कागदावर शाई थोडी पसरते तेवढ्यापुरता. तिथे त्याचं काम आहे.

मानेवाडा_नभ
थांबवतो. मावशीला फोन केला आत्ताच, म्हणाली या, पण यावेळी शेतातला लाइट आधीच बंद करून ठेवते.