उणे संख्यांचा क्रम: ताऱ्यांच्या प्रतीचे उदाहरण

उणे संख्या शिकवताना कर्जाचे उदाहरण पुरेसे आहे, हे मत मला पटत नाही. "मोठे कर्ज" हे शब्द कानी पडताच मुले −१३ ही संख्या −४ पेक्षा मोठी ठरवतात. तापमान त्याहून बरे, पण खरी कसोटी ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रतीत, म्हणजे तारा किती तेजस्वी दिसतो हे सांगणाऱ्या संख्येत आहे. प्राचीन ग्रीकांनी सर्वांत ठळक ताऱ्यांना पहिली व अंधुक ताऱ्यांना सहावी प्रत दिली, आणि १८५६ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसनने या मोजपट्टीला गणिती रूप दिल्यावर अतितेजस्वी ज्योतींसाठी शून्याच्या खाली उतरावे लागले. पूर्णांकात सांगायचे तर ध्रुव २, अभिजित ०, व्याध −१, शुक्र जास्तीत जास्त तेजस्वी असताना सुमारे −५, पौर्णिमेचा चंद्र −१३ आणि सूर्य −२७. म्हणजे −२७ < −१३ < −५ < −१ < ० < २. येथे संख्या जितकी लहान तितकी ज्योत तेजस्वी, त्यामुळे विद्यार्थ्याला "जास्त काय" या अंदाजावर विसंबता येत नाही, संख्यारेषेवरील डावे-उजवे स्थानच पाहावे लागते.