ब्रिटिश ग्राहकाशी कराराची मुदतवाढ: 'आयआर३५'चे कारण देऊन दर कमी करावा का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. मी ओतकामाच्या साच्यांचे आरेखन आणि सिम्युलेशन करणारा अभियंता आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांबरोबरच एका ब्रिटिश कंपनीचेही काम मी स्वतःच्या नावावर, पूर्णपणे कोल्हापुरातूनच करतो. मार्चअखेर करार संपत असून मुदतवाढीच्या मसुद्यात त्यांनी असे म्हटले आहे की, 'आयआर३५' नियमांमुळे कंत्राटदारांवरील खर्च वाढल्याने माझा दर १५ टक्क्यांनी कमी करावा. शिवाय मी रोज आठ तास त्यांच्या वेळेनुसार उपलब्ध राहावे आणि त्यांच्या परवानगीशिवाय इतर ग्राहकांचे काम घेऊ नये, अशी नवी कलमे घातली आहेत. ग्राहक चांगला आहे, पैसे वेळेवर येतात आणि मला तो टिकवायचा आहे. तेव्हा बोलणी कशी करावीत?

उत्तर (करसल्लागार, शाहूपुरी)

दराचा मुद्दा आणि कलमांचा मुद्दा वेगळे ठेवावेत. 'आयआर३५' हा ब्रिटनमधील कररचनेचा भाग आहे. जी व्यक्ती स्वतःच्या कंपनीमार्फत सेवा देते, पण प्रत्यक्षात नोकरासारखी राबते, तिच्याकडून नोकरदाराइतका कर आणि राष्ट्रीय विमा (तिथले सामाजिक सुरक्षेचे अंशदान) वसूल व्हावा, हा त्याचा हेतू. आपण मधली कंपनी न ठेवता थेट करार केला आहे, भारताचे करनिवासी आहात आणि काम येथेच करता, त्यामुळे आपल्या मोबदल्यावर त्यांना तो भार उचलावा लागण्याचे कारण दिसत नाही. जो खर्च आपल्यामुळे होतच नाही, त्याची भरपाई आपल्या दरातून का व्हावी, हे त्यांना नम्रपणे पण लेखी विचारावे.

मला अधिक काळजी कलमांची वाटते. ठरावीक वेळ, इतर कामास मनाई आणि कामाच्या पद्धतीवर ग्राहकाचे नियंत्रण हे सारे एकत्र आले की नाते व्यवसायाचे न राहता नोकरीचे दिसू लागते. तसे झाल्यास आपल्या आयकर खात्यालाही हे उत्पन्न पगार मानण्यास जागा मिळेल आणि अभियंत्यांना मिळणारी अनुमानित उत्पन्नाची सवलत, जी आपण सारे ४४एडीए म्हणून ओळखतो, धोक्यात येईल. तीत रोखीची जमा पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते, म्हणजे हा लाभ दरातील कपातीहूनही मोठा ठरू शकतो. जीएसटी नोंदणी असल्यास सेवा निर्यातीसाठीचे एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र, दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरावे लागते, तेही मार्चमध्येच उरकावे.

उत्तर (नागाळा पार्क)

मी काही वर्षे ब्रिटनमध्ये कंत्राटी काम केले आहे. हे नियम तिथे २००० सालापासून आहेत. मात्र कंत्राटदाराचा दर्जा, म्हणजे तो स्वतंत्र व्यावसायिक की नोकरासारखा, हे ठरवण्याची जबाबदारी सरकारी क्षेत्रात २०१७ मध्ये, तर मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत एप्रिल २०२१ मध्ये ग्राहकाकडे गेली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हे बदल मागे घेण्याची घोषणा झाली आणि पुढच्याच महिन्यात ती रद्दही झाली. या अस्थिरतेमुळे अनेक कंपन्या प्रत्येक प्रकरण न तपासता सरसकट एकच मसुदा पाठवतात. आपल्या बाबतीतही तसेच झाले असण्याची शक्यता आहे; म्हणून वादाचा सूर न लावता, 'माझ्या परिस्थितीला हा नियम कसा लागू होतो ते कळवावे' एवढेच विचारा.

माझ्या मते कपात पूर्ण नाकारण्याऐवजी बदल्यात काहीतरी मागावे. मुदत तीन महिन्यांऐवजी बारा महिन्यांची करून घ्यावी आणि कामाचे मोल तासांऐवजी साच्यांच्या संचावर ठरवावे. तेवढ्यासाठी थोडी सूट देणे परवडते.

उत्तर (मूळ प्रश्नकर्ता)

दोघांचे मनःपूर्वक आभार. रोज संध्याकाळी दोन तास बैठकीस उपलब्ध राहण्याचे मी कबूल केले, तर ते चालेल का?

उत्तर (करसल्लागार, शाहूपुरी)

चालेल. 'परस्पर सोयीने समन्वयासाठी' असे शब्द घालावेत आणि इतर ग्राहकांवरील मनाईऐवजी केवळ त्यांच्या आरेखनांची गोपनीयता पाळण्याचे कलम सुचवावे. त्यांची खरी भीती बहुधा तीच असते. मात्र कागदावरील शब्दांइतकेच प्रत्यक्ष वागणेही पाहिले जाते, म्हणून शिरोलीची कामे चालू ठेवा आणि त्यांची बिले जपून ठेवा.