परफ्यूमने वास दबतो, जात नाही

गाडीत वास येतो म्हटलं की कुणीतरी परफ्यूम बदलायला सांगतं, पण आधी वासाचं मूळ शोधा. मार्चात नागपूरच्या कळमना बाजारातून आणलेल्या संत्र्यांतली दोन आमच्या सीटखाली सडली, रस कार्पेटखालच्या फोममध्ये मुरला. वरून कितीही पुसलं तरी दुपारी दार उघडलं की भपकारा यायचाच. शेवटी मेकॅनिककडून सीट काढून घेतली (खाली एअरबॅगची वायर असू शकते, स्वतः ओढू नका), फोम धुतला, नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात दोन दिवस वाळवला. मग कार्पेटवर रात्रभर खायचा सोडा पसरून व्हॅक्यूमने ओढला. वास गेला!

एसी लावल्यावरच कुबट वास येत असेल तर केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी) बघा. आणि घर पाच मिनिटांवर आलं की एसी बंद, नुसता पंखा. हवा थंड करणारी एसीची कॉईल कोरडी होते, कुबट वास धरत नाही.