‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ एवढ्यात टूल चालू का होत नाही?

गंगापूररोडकर

वाद होणार हे माहीत असूनच लिहितोय.

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ दर रविवारी मी पायथनची, म्हणजे त्या प्रोग्रॅमिंग भाषेची, बॅच घेतो. मागच्या रविवारी नवी बॅच बसली. अठरा जणं, प्रत्येकाचा स्वतःचा लॅपटॉप. तीन तासांचा वर्ग आणि स्क्रीनवर पहिली ओळ छापली गेली तेव्हा अडीच तास उलटले होते. एवढा वेळ आम्ही पायथन शिकत नव्हतो, बसवत होतो.

विंडोजवरचा पायथनचा नेहमीचा इन्स्टॉलर डोळ्यांपुढे आणा. वर मोठ्ठं ‘इन्स्टॉल नाऊ’. अगदी तळाशी छोटा चौकोन, ‘ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ’. (पाथ म्हणजे लिहिलेली कमांड कुठल्या कुठल्या फोल्डरात शोधायची त्याची विंडोजकडची यादी.) तो चौकोन आधीपासून टिक केलेला नसतो. मोठं बटण दिसल्यावर तळाशी कोण बघतंय? निम्म्याहून जास्त पोरांनी सरळ बटण दाबलं, हिरवी पट्टी भरली, ‘सेटअप वॉज सक्सेसफुल’ आलं. मग काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, पायथन लिहून एंटर मारलं तर उघडलं काय, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर! (विंडोज १० मध्ये २०१९ पासून ही सोय करून ठेवलीय.) निफाडहून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, हे विकत घ्यायचंय का?”

माझं म्हणणं असं. फाइली डिस्कवर उतरल्या की इन्स्टॉलरचं काम संपत नाही. शिकणाऱ्यानं पहिली कमांड लिहिली आणि ती चालली, तेव्हा संपतं. ज्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला माहीत असणं शक्यच नाही, तो प्रश्न त्याला विचारायचाच कशाला? विंडोजसाठीचं गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, बसवून बघा. एडिटर कुठला, पहिल्या ब्रँचचं नाव काय, ओळीचा शेवट कसा साठवू, एकामागून एक खिडक्या. ज्याला गिट म्हणजे काय तेच माहीत नाही तो काय निवडणार? तो नेक्स्ट दाबत सुटतो आणि एडिटर म्हणून विम, नवख्याला न झेपणारा, पदरात पडतो.

चांगली उदाहरणंही आहेत. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा नवशिक्यांचा एडिटर स्वतःचं पायथन पोटात घेऊनच येतो, पाथचा प्रश्नच नाही. व्हीएस कोड या एडिटरचा ‘यूजर’ इन्स्टॉलर ॲडमिनचा पासवर्ड मागत नाही आणि पाथची टिक आधीच केलेली असते. मग बाकीच्यांना काय होतं?

जुना टर्बोवाला

सर, राग मानू नका, पण हे लाड झाले. पाथ समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात. तो लपवला तर पोरगं नोकरीच्या पहिल्या दिवशी दोन व्हर्जनच्या भांडणात डोक्याला हात लावून बसेल. पाठीला डबा बांधून पोहायला शिकवाल तर डबा सुटला की बुडणारच.

आणि ती टिक रिकामी ठेवण्यामागे डोकं आहे. एखाद्याच्या मशीनवर दुसरं सॉफ्टवेअर आपलं जुनं पायथन वापरत असेल आणि तुमचं नवं पायथन पाथमध्ये सगळ्यात पुढे जाऊन बसलं, तर ते बंद पडणार. शिवाय टिक नसली तरी अडत नाही. ‘पीवाय’ एवढंच लिहा, चालतं. तो लाँचर पायथन ३.३ पासून म्हणजे २०१२ पासून इन्स्टॉलरबरोबर येतोय. तुम्ही पोरांना हे सांगितलं नाहीत, त्यात इन्स्टॉलरचा काय दोष?

गंगापूररोडकर

पीवायचं बरोबर आहे, ते मी सांगायला हवं होतं. पण पुस्तकात ‘पायथन’ छापलंय, व्हिडिओत ‘पायथन’ म्हणतात आणि पोरं तेच लिहितात.

डब्याचं मात्र तुम्ही उलटं सांगताय. गांधी तलावात आपण सगळे पाठीला डबा बांधूनच शिकलो की! बिनडब्याचं पहिल्याच दिवशी कोणी ढकललं नाही. आणि तुमच्या नावातल्या टर्बो सीचं, त्या सी भाषेच्या जुन्या टूलचं, म्हणाल तर कॉलेजात आपण ते ‘इन्स्टॉल’ कधी केलं होतं? कोणीतरी पेनड्राइव्हवर डॉसबॉक्ससकट (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं टूल) आख्खा फोल्डर द्यायचा, आपण कॉपी करायचो, निळा स्क्रीन यायचा. त्यातून पाथ कोण शिकलं?

कमांडबहाद्दर

दोघंही खिडकीत अडकलात. मुळात खिडकीच कशाला हवी? कमांडवरून टूल बसवून देणारं मायक्रोसॉफ्टचं विंगेट आहे, १.० व्हर्जन २०२१ मध्ये आलं. तसंच दुसरं, चॉकलेटी, तर २०११ पासून आहे. एक ओळ लिहायची, टूल बसलं. तीच ओळ अठरा लॅपटॉपवर चालते आणि पुढच्या बॅचलाही चालते. कुठे बिघडलं तर एररचा मजकूर कॉपी करून विचारता येतो.

खिडकीत काय होतं? “सर, मी नेक्स्ट नेक्स्ट केलं.” कुठलं नेक्स्ट? कशावर टिक केली? त्याचं त्याला आठवत नाही. पाथर्डी फाट्याला घरी बसून मी नव्या पोरांना फोनवर सेटअप करून देतो. ज्यानं क्लिक करत बसवलंय त्याच्यावर एक तास जातो आणि ज्यानं मी पाठवलेली ओळ चिकटवलीय त्याच्यावर पाच मिनिटं.

गंगापूररोडकर

चिकटवलेल्या ओळीचा एक किस्सा ऐका. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या एका पोरानं कुठल्याशा व्हिडिओतून ‘सेटएक्स पाथ’ची, म्हणजे पाथ बदलायच्या कमांडची, ओळ उचलली. अगोदरचा पाथ, पुढे नवा फोल्डर, अशी. सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. त्याचा पाथ त्याहून लांब होता. शेपूट गेलं, त्याबरोबर जावा गेलं, गिट गेलं. त्याला वाटलं व्हायरस आला. एक इशारा पडद्यावर येऊन गेला होता, पण ओळ चालली म्हटल्यावर तो वाचतो कोण.

म्हणजे काळी खिडकीसुद्धा ‘सक्सेस’ म्हणून फसवते. भाऊ, तुमची ओळ चालते कारण ती तुम्ही लिहिलेली असते.

अंबडची मेंटेनन्सवाली

तुम्ही सगळे विद्यार्थ्यांचं बोलताय, मी कारखान्यातलं सांगते. आमच्याकडे पीएलसीचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचे, प्रोग्रॅम लिहायचं टूल एका जुन्या पीसीवर आहे. त्या पीसीला नेट नाही आणि मिळणारही नाही. त्यामुळे विंगेटची ओळ आमच्या काही कामाची नाही.

पण खिडकीवाले तरी कुठे धड वागतात? एकदा एका टूलचं अपडेट पेनड्राइव्हवर घेऊन गेले. फाइल दोन एमबीची बघून मनात आलं, वा, केवढं हलकं! उघडली तर म्हणते “डाउनलोड करतोय.” म्हणजे ती नुसती चिठ्ठी होती, माल नेटवर. पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होता. तो आणला, तर अर्ध्यात ॲडमिनचा पासवर्ड. तो आयटीच्या माणसाकडे, माणूस जेवायला. पासवर्ड मिळाला, सगळं झालं, शेवटी “रीस्टार्ट नाऊ?” लाइन चालू होती. त्या पीसीवरच मशीनचा डिस्प्ले. शिफ्ट सुटेपर्यंत ती खिडकी तशीच ठेवून मी पुढे उभी, कोणी ‘येस’ दाबू नये म्हणून.

मला सोपा इन्स्टॉलर म्हणजे रंगीत चित्रं नकोत. किती जागा लागणार, नेट लागणार का, ॲडमिन लागणार का, रीस्टार्ट लागणार का, हे पहिल्याच खिडकीत लिहा. हे त्यानं मला विचारायचं नाही, मला सांगायचं.

जुना टर्बोवाला

ताई, हे मात्र शंभर टक्के.

पॅकेजवाला, सिन्नर

मी एका छोट्या टूलचे इन्स्टॉलर बनवतो, म्हणून आतून सांगतो. खिडकी की कमांड हे भांडणच खोटं आहे. इन्स्टॉलर बनवायचं टूल इनो सेटअप १९९७ पासून आहे. तसंच दुसरं, एनएसआयएस, हे विनॲम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्रॅम बसवण्यासाठी बनलेलं. दोन्हींच्या खिडक्या तोंडापुरत्या. इनोच्या फाइलीला ‘व्हेरीसायलेंट’चा स्विच, म्हणजे कमांडच्या पुढे लिहायची खूण, द्या, तीच फाइल एकही खिडकी न दाखवता बसते. एनएसआयएसला नुसता मोठा ‘एस’ पुरतो. पायथनच्या त्याच बदनाम इन्स्टॉलरला ‘क्वाएट’ आणि ‘प्रीपेंडपाथ=१’ सांगितलं की टिकसुद्धा आपोआप. कमांडबहाद्दर, तुम्ही विंगेटनं जे बसवता ना, त्यातलं पुष्कळसं आतून हेच इन्स्टॉलर गुपचूप चालवणं असतं.

गंगापूररोडकर सरांचं ‘आधीच टिक करा’ हेही वाटतं तितकं सरळ नाही. पाथमध्ये नाव घालणं सोपं. अनइन्स्टॉल करताना फक्त आपलंच नाव काढणं, दुसऱ्याचं जसंच्या तसं ठेवणं, तिथे घाम फुटतो. शिवाय पाथ बदलला तरी आधीपासून उघड्या असलेल्या काळ्या खिडकीला तो कळत नाही. पोरगं म्हणतं “टिक केली तरी चालत नाही” आणि त्याचं खरंच असतं. म्हणून माझ्या शेवटच्या पानावर ‘फिनिश’च्या जागी ‘चालवून बघा’ असं बटण आहे. ते नवी खिडकी उघडतं आणि टूलचं व्हर्जन छापून दाखवतं. नाही छापलं, तर काय बिघडलं ते तिथेच मराठीत लिहिलेलं येतं.

एक रडगाणं. हे सगळं इतकं निगुतीनं करूनही माणूस माझ्या पहिल्या पानापर्यंत पोचेल तर ना! डिजिटल सही नसलेली फाइल उघडली की विंडोज निळा फलक दाखवतं, ‘विंडोजनं तुमचा पीसी वाचवला’ अशा थाटाचा. चालवायचं बटण ‘मोअर इन्फो’च्या मागे दडवलेलं. सहीच्या सर्टिफिकेटला पैसे पडतात, मुदत संपली की परत पैसे. फुकट टूल देणाऱ्यानं ते कुठून आणायचे?

कमांडबहाद्दर

विंगेट आतून तेच करतं हे मान्य. पण मग सायलेंट स्विच प्रत्येकाचे वेगळे का? एकाला ‘एस’, एकाला ‘क्वाएट’, एमएसआयला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर फाइलीला, ‘क्यूएन’. आणि ते लिहिलेले कुठे असतात? इन्स्टॉलरच्या खिडकीत तर कधीच नाही. शेवटच्या पानावर “तुम्ही आत्ता जे निवडलंत त्याची ही एक ओळ” अशी छापून द्या, मी आजपासून खिडकीवाल्यांच्या पक्षात.

पॅकेजवाला, सिन्नर

हे आवडलं. पुढच्या व्हर्जनला घालतो.

निफाडची

मीच ती “विकत घ्यायचंय का” वाली. सरांनी नाव लिहिलं नाही त्याबद्दल आभार.

तुम्ही कुणी शब्दांबद्दल बोललाच नाहीत. मला ती टिक दिसली होती. ‘पाथ’ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून हात लावला नाही. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीला हात लावू नये असं घरी शिकवलंय. सरांनी नंतर समजावलं ते असं, की एसटीच्या चौकशीच्या खिडकीतल्या माणसाकडे स्टँडची यादी आहे, आधी जुनं सीबीएस, मग ठक्कर बाजार, मग मेळा स्टँड. तो त्याच क्रमानं बघतो. गाडी महामार्ग स्टँडवर उभी आहे, पण महामार्ग यादीतच नाही, तर तो म्हणणार अशी गाडीच नाही. एवढंच त्या चौकोनाशेजारी एका ओळीत लिहिलं असतं, ‘कुठूनही पायथन लिहिलं तर सापडावं म्हणून’, तर मी टिक केली असती.

टर्बोवाले काका, पाथ मला कळायला हवा होता हे बरोबर. पण त्या दिवशी नको होता. पावणेदोन तासांत चार्जिंग संपलं, वर्गात प्लग दोनच, आणि घरी आल्यावर भाऊ म्हणाला, “काय शिकलीस?” मी काय सांगणार?

दुसरी अडचण. दुकानदारानं लॅपटॉप चालू करून देताना यूजरचं नाव टाकलं ‘श्री गणेश’, मराठीत, मध्ये स्पेससकट. पायथन त्यात नीट बसलं. पण कॉलेजच्या सी प्रोग्रॅमिंगसाठी घेतलेलं जुनं टूल त्या फोल्डरमध्ये बसल्यावर प्रत्येक प्रोग्रॅमला ‘फाइल सापडत नाही’ म्हणतं. इन्स्टॉलरनं एका शब्दानं सांगितलं नाही.

पॅकेजवाला, सिन्नर

हा खरा पेच आहे. ॲडमिन मागायचा नाही म्हणून आम्ही टूल यूजरच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि त्या फोल्डरचं नाव तुमचा दुकानदार ठरवतो. सीची जुनी टूलं स्पेस आणि मराठी अक्षरं दोन्हींना अडखळतात. एमएसवायएस२ (विंडोजवर सीची टूलं देणारा संच) वाले म्हणूनच सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी साधा इंग्रजी फोल्डर करतात. सध्या तूही तसंच कर, सी ड्राइव्हवर छोट्या इंग्रजी नावाचा फोल्डर करून त्यात बसव. इन्स्टॉलरनं नाव आधी तपासून सांगायला हवं होतं. माझाही तपासत नाही, कबूल करतो.

जुना टर्बोवाला

‘श्री गणेश’! आमच्या वेळी नावं आठ अक्षरांची, सगळी इंग्रजी, काही भानगड नाही.

बरं, पोरीचं ऐकून एवढं मान्य, टिकच्या शेजारी मराठीत एक ओळ हवी. पण टिक आधीच केलेली? नाही. तिनं ती वाचून स्वतः करावी.

गंगापूररोडकर

आणि जी वाचणार नाहीत ती? वर्गात अठरा आहेत हो, सगळी निफाडची नाहीत.

तसंही पायथनवाल्यांनी २०२५ मध्ये विंडोजसाठी वेगळा इन्स्टॉल मॅनेजर आणलाय, जुना इन्स्टॉलर हळूहळू मागे पडणार. आपलं भांडण संपायच्या आत चौकोनच गायब होईल बहुतेक.

निफाडची

सर, एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी घाबरून मी स्टोअरमधूनही पायथन घेतलं, मग घरी थॉनी टाकलं. आता लॅपटॉपवर तीन पायथन आहेत. कुठलं उडवू?

गंगापूररोडकर

काहीही उडवू नकोस. रविवारी चार्जर घेऊन ये. आधी ‘व्हेअर पायथन’ लिहून बघू, यादीत कोण कुठल्या क्रमानं उभं आहे ते.

जुना टर्बोवाला

हे लिहिणार कुठे, सर? काळ्या खिडकीतच ना?