मुंबईला हलवण्याआधी
गुहागरला राहणाऱ्या आईंना मधुमेह, बीपी आणि किडनीचा आजार असं तिन्ही आहे, काय करावं, असं इथे एकाने विचारलंय; त्यावर सल्ला आलाय की त्यांना सरळ मुंबईला हलवा. मला नाही पटत. डॉक्टर तीन, फायली तीन आणि गोळ्यांचा एकत्र हिशेब कुणाकडेच नाही, ही खरी गोम. ती मुंबईतही सुटत नाही. आमच्या काकूंची औषधांची पिशवी टेबलावर ओतली, तर बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने! वर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी, म्हणजे दुखऱ्या किडनीला आणखी मार. एक फिजिशियन मुख्य धरा, बाकीच्यांचे कागद त्यांच्या नजरेखालून जाऊ देत. साखर आटोक्यात नसेल तर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) दर 3 महिन्यांनी. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सीएचओंनाही (समुदाय आरोग्य अधिकारी) भेटा, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर तिथूनच डॉक्टरांशी बोलता येतं. चिपळूणच्या एसटीचे हेलपाटे कमी होतील. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका हं.